निनांवी चाकाची ओळख

आपल्याकडे भांड्यांवर नांव घालण्याची चाल आहे. लग्नकार्यासाठीं दहा घरांतून पातेलीं आणि पराती मागून आणल्या, तरी कार्य उरकल्यावर ज्याचें त्याला परत करतांना अडचण पडत नाहीं. कांठाखालीं कोरलेलीं दोन अक्षरें वाचलीं कीं काम झालें. परंतु एखादें पातेलें बिननांवाचें निघालें, म्हणजे घरांतली वडीलधारी बाई तें हातांत घेते, उलटें करते, बुडाचे ठोके पाहते, कांठाची मुरड पाहते, वजन तोलते आणि मग सांगते कीं हें अमक्यांचें. नांव नसलेल्या वस्तूची ओळख पटविण्याची ही विद्या फार जुनी आहे. अमेरिकेंतील मोटारींचे शौकीन तीच विद्या एका निराळ्या वस्तूला कशी लावतात, हा आजच्या भाषणाचा विषय.

ती वस्तु म्हणजे मोटारीचें चाक. तेंही साधें पोलादी नव्हे, तर ॲल्युमिनियमचें ओतीव, आणि तोंडावर बहुधा पांच लांबट खिडक्या असलेलें. ह्या खिडक्यांना इंग्रजींत स्लॉट म्हणतात, म्हणून चाकाचें नांव स्लॉट व्हील. १९६० पासून पुढें सुमारें वीस वर्षें हीं चाकें अमेरिकेंत अतोनात खपलीं. आज तीं जुन्या गोदामांत, गॅरेजांच्या माळ्यांवर आणि सुट्या भागांच्या बाजारांत सांपडतात, आणि त्यांतील पुष्कळांवर कर्त्याचें नांव, माप, सन, कांहींच नसतें. तरीही त्यांना मागणी आहे, कारण 'हॉट रॉड' नांवाच्या गाड्यांना तीं शोभतात.

हॉट रॉड म्हणजे जुनी, बहुधा १९२० ते १९५० ह्या काळांतली, बरेचदां फोर्ड बनावटीची गाडी घेऊन, तिचें अंग हलकें करून व तींत जोरकस इंजिन बसवून तयार केलेलें वेगवान वाहन. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच कॅलिफोर्नियांतील तरुण मंडळी म्युरॉक येथील कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रावर अशा गाड्या पळवीत असत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांची संघटना स्थापन झाली, १९४८ च्या जानेवारींत 'हॉट रॉड' ह्याच नांवाचें मासिक निघालें, आणि १९४९ पासून यूटा संस्थानांतील बॉनव्हिलच्या खाऱ्या मैदानावर वेगाचा सप्ताह भरूं लागला. प्रारंभीं ह्या गाड्यांना कारखान्याचीं पोलादी चाकेंच असत. पण शर्यतीच्या खऱ्या गाड्यांसाठीं टेड हॅलीब्रँड ह्यानें मॅग्नेशियम धातूचीं चाकें ओतलीं होतीं. वजन कमी व्हावें आणि ब्रेकला वारा लागावा म्हणून त्यांना छिद्रें ठेवलेलीं असत, आणि १९५० नंतरच्या दशकांत इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत तीं सर्रास दिसत. तरुणांना तसलींच चाकें आपल्या गाडीला हवींशीं वाटूं लागलीं. मॅग्नेशियम मात्र महाग. शिवाय तो धातु ओलाव्यानें व मिठानें लवकर खाल्ला जातो, म्हणून रोजच्या रस्त्याला सोयीचा नाहीं. तेव्हां तोच थाट ॲल्युमिनियममध्यें उतरविण्यांत आला. धातु बदलला तरी मॅग्नेशियमवरून पडलेलें 'मॅग' हें नांव मात्र तसेंच राहिलें. पितळी असूनही ज्याला आपण 'चांदीचा गडवा' म्हणत राहतों, त्यांतलाच हा प्रकार.

ह्या स्लॉट चाकांत अँसेन कंपनीचें 'स्प्रिंट' हें चाक सर्वांत नांवाजलेलें. जॅक अँड्र्यूज आणि लुई सेंटर ह्यांच्या आडनांवांचे आरंभीचे तुकडे जोडून अँसेन हा शब्द बनला आहे. तिच्यामागून वेस्टर्न, अप्लायन्स इत्यादि अनेकांनीं हेंच काम हातीं घेतलें. डोळ्यांना त्यांचीं चाकें इतकीं सारखीं दिसतात, कीं दहा हातांवरून पाहणाऱ्यास भेद कळणें कठीण.

नांव कां नाहीं, ह्याचींही कारणें आहेत. पुष्कळ कारखानदार आपलें नांव चाकावर न घालतां मधल्या टोपीवर घालीत, किंवा नुसती कागदी चिठ्ठी चिकटवीत. चिठ्ठी पहिल्या पावसाळ्यांत जाई आणि टोपी एखाद्या खड्ड्यांत. दुसरें असें कीं हा माल केवळ नामांकित दुकानांतूनच विकला जात नसे. शिकागोच्या जे. सी. व्हिटनीसारख्या पेढ्या मोठालीं सूचिपत्रें छापून टपालानें स्वस्त चाकें घरपोंच करीत; अशा मालांत नांवाला महत्त्व नव्हतें, किंमतीला होतें. म्हणून बिननांवाचें चाक म्हणजे नकली चाक, असें समजणें अन्यायाचें होईल. त्याचप्रमाणें बिननांवाचें प्रत्येक चाक अँसेनचें, असें समजणें हें विकणाऱ्याच्या सोयीचें होईल. बाजारांत हा दुसरा समजच अधिक आढळतो.

आतां खरी गोष्ट अशी, कीं घेणारा 'हें कोणी केलें?' हा प्रश्न आधीं विचारतो, आणि 'हें कोणत्या गाडीला बसेल, व बसलें तरी टिकेल काय?' हा प्रश्न शेवटीं. क्रम नेमका उलटा पाहिजे. नांवांत चूक झाली तर पैशाचें नुकसान होतें. मापांत चूक झाली तर ताशीं साठ मैलांच्या वेगांत चाक गाडीला सोडून जातें, आणि त्या वेळीं गाडींत माणसें असतात. म्हणून जाणते लोक चाकाला प्रथम त्याचा धातु विचारतात, मग माप, मग प्रकृति, आणि नांव सर्वांच्या मागून.

धातूची परीक्षा अवघड नाहीं. प्रथम लोहचुंबक लावावा. कांठाला चुंबक चिकटला, तर रिम पोलादाची व मध्यभाग ॲल्युमिनियमचा असें जोडचाक हातीं आलें आहे; १९६४ सालीं निघालेलें क्रेगर कंपनीचें 'एस-एस' हें प्रसिद्ध चाक त्या जातीचें. तें स्लॉट व्हील नव्हे. चुंबक कोठेंच चिकटला नाहीं, तर प्रश्न उरतो ॲल्युमिनियम कीं मॅग्नेशियम हा. एकाच आकाराचा मॅग्नेशियमचा तुकडा ॲल्युमिनियमच्या सुमारें दोन तृतीयांश वजनाचा भरतो, त्यामुळें संवयीचा हात उचलतांच ओळखतो. संशय राहिल्यास मागच्या बाजूस, कोणाला दिसणार नाहीं अशा जागीं, नखाएवढा भाग घांसून स्वच्छ करावा आणि त्यावर साध्या शिरक्याचा एक थेंब सोडावा. मॅग्नेशियम असेल तर तो थेंब फसफसूं लागतो. ॲल्युमिनियमवर तो निवांत पडून राहतो. थेंब लगेच पुसून टाकावा. येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पेटल्यावर त्यावर पाणी टाकल्यास आग अधिकच भडकते. तेव्हां कानशीनें कीस पाडून व काडी लावून परीक्षा करण्याची जी युक्ति कांहीं अनुभवी म्हणविणारे सांगतात, ती गॅरेजांत पेट्रोलच्या डब्यांशेजारीं करूं नये.

मापांचें प्रकरण मात्र सावकाश समजून घेण्यासारखें आहे. चाक ज्या खिळ्यांवर बसतें, म्हणजे ज्यांना स्टड म्हणतात, त्यांचीं भोकें एका वर्तुळावर सारख्या अंतरानें असतात. ह्या वर्तुळाचा व्यास हीच चाकाची खरी जात. अमेरिकन गाड्यांत पांच भोकांची रीत सर्वाधिक. १९४९ पासूनच्या शेव्हरोलेट गाड्यांना बहुधा ४¾ इंचांचें वर्तुळ असे. त्याच सालापासून फोर्डच्या नेहमींच्या गाड्यांना ४½. जनरल मोटर्सच्या कित्येक मोठ्या गाड्यांना ५. जुन्या फोर्ड गाड्यांना ५½. मात्र १९३६ ते १९३९ ह्या वर्षांतील फोर्डचें वर्तुळ फारच मोठें, १०¼ इंचांचें होतें. प्लिमथच्या व्हॅलिअंटसारख्या लहान गाड्यांना कित्येक वर्षें ४ इंचांचें वर्तुळ होतें.

सहा भोकें असतीं तर समोरासमोरच्या भोकांचीं मध्यें जोडून व्यास सरळ मोजतां आला असता. पांच भोकांत कोणतेंही भोक दुसऱ्याच्या समोर येत नाहीं. मग माणूस काय करतो? एक भोक सोडून पलीकडच्या भोकापर्यंत पट्टी लावतो आणि जें येईल तें वर्तुळाचें माप समजतो. येथेंच बहुतेकांचा घात होतो. शाळेंतील भूमिति ज्यांना आठवत असेल त्यांना कळेल, कीं ही पट्टी म्हणजे वर्तुळांतल्या समभुज पंचकोनाचा कर्ण होय, आणि तो कर्ण व्यासाइतका नसून त्याच्या शेंकडा ९५ इतकाच भरतो. पावणेपांच इंचांच्या वर्तुळावर हा कर्ण ४.५२ इंच येतो. म्हणजे शेव्हरोलेटचें चाक पट्टीखालीं साडेचारांचें, फोर्डचें, वाटतें. पांच इंचांच्या वर्तुळावर तो ४.७५ पेक्षां केसभर अधिक येतो. म्हणजे मोठ्या गाडीचें चाक पावणेपांचांचें वाटतें. खरोखर साडेचारांचें चाक असेल तर तेथें ४.२८ दिसतें आणि मोजणारा बुचकळ्यांत पडतो, कारण तसलें वर्तुळ त्याच्या यादींत नसतें. चुकीचें उत्तर विचित्र दिसलें असतें तर मोजणारा पुन्हां मोजता. पण येथें तें दुसऱ्याच एखाद्या गाडीच्या बरोबर उत्तरासारखें दिसतें, आणि म्हणून पकडलें जात नाहीं.

उपाय सोपा आहे. एका भोकाच्या मध्यापासून एक सोडून पलीकडच्या भोकाच्या मध्यापर्यंत जें अंतर येईल, त्यांत पाव इंच मिळवावा. चार ते साडेपांच इंचांपर्यंतच्या सर्व नेहमींच्या वर्तुळांना हा पाव इंच जवळजवळ बरोबर लागू पडतो. अधिक काटेकोर पाहिजे असेल तर त्या अंतराला ०.९५१ नें भागावें. मध्य अदमासानें धरण्याऐवजीं एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावें. भोकें सारखीं असल्यास तेंच अंतर मिळतें. दुसऱ्या मार्गानें पडताळाही घेतां येतो. चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाची कड आणि स्टडच्या भोकाची जवळची कड ह्यांतील अंतर घ्यावें, त्यांत दोन्ही भोकांच्या व्यासांची निमपट मिळवावी आणि बेरीज दुप्पट करावी. दोन्ही रीतींनीं एकच आंकडा आला तर त्यावर विसंबण्यास हरकत नाहीं.

गाडीही मोजलीच पाहिजे. हॉट रॉडच्या बाबतींत 'ही १९३२ ची फोर्ड आहे' ह्या वाक्यावरून तिच्या चाकांविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. अंग १९३२ चें, ब्रेक पुढच्या कोणत्या तरी सालचे, मागचा आंस तिसऱ्याच गाडीचा, असा संसार असतो. पुढें एक वर्तुळ आणि मागें दुसरें, अशा गाड्याही रस्त्यावर धांवतात.

कांहीं चाकांत भोक गोल नसून लांबट असतें. एकच चाक दोन-तीन वर्तुळांना बसावें म्हणून केलेली ही सोय; हिला 'युनि-लग' म्हणतात. हिच्याबरोबर विशिष्ट बाजूला भोक असलेली वॉशर लागते, आणि ती योग्य दिशेनें बसविली तरच नट मध्यावर येतो. जुन्या बाजारांत चाकें मिळतात, वॉशर मिळत नाहींत, आणि लोक साधी वॉशर घालून वेळ मारून नेतात. ही काटकसर महागांत पडणारी आहे. गोल भोकांतही दोन जाती आहेत. एकींत भोकाची कड शंकूसारखी उतरती असते व तिला उतरत्या तोंडाचा नट लागतो. दुसरींत भोक सरळ नळीसारखें असून वरची बैठक सपाट असते. तिला लांब मानेचा नट व सपाट वॉशर लागते, आणि ती मान भोकांत नीट भरते. जुन्या स्लॉट चाकांत ही दुसरी जात फार आढळते. सपाट बैठकीवर उतरता नट आवळला तर तो केवळ एका गोल रेषेवर टेंकतो, मऊ ॲल्युमिनियमला चिरडतो आणि थोड्याच मैलांत सैल होतो. म्हणून जुनें चाक पाहतांना भोकांच्या कडा आधीं पाहाव्या. त्या दबलेल्या वा अंडाकृति झालेल्या असतील तर तें चाक एकदां तरी सैल धांवलें आहे, मग विकणारा कांहींही सांगो.

रुंदीच्या मापांतही फसगत होते. चाकाची रुंदी टायर जेथें टेंकतो त्या दोन भिंतींच्या आंतल्या बाजूंमध्यें मोजतात, बाहेरच्या कडांमध्यें नव्हे. बाहेरून मोजल्यास सुमारें इंचभर अधिक येते. व्यासाचेंही तसेंच, पंधरा इंचांचें चाक कडेपासून कडेपर्यंत सव्वासोळा-साडेसोळा इंच भरतें. चाक पालथें घालून मागच्या कांठावर सरळपट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीपासून चाक जेथें ब्रेकच्या ड्रमला टेंकतें त्या सपाटीपर्यंतची खोली मोजावी. ही मागची खोली समजली म्हणजे टायर आंतल्या सांगाड्याला घांसणार कीं बाहेर मडगार्डाला, हें घरींच कळतें.

हें सर्व झाल्यावर प्रकृति. ओतीव धातु पोलादासारखा वांकून सूचना देत नाहीं. तो एकदम तडकतो. तडे बहुधा भोकांच्या आजूबाजूस, खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि कांठाला जेथें ठोकर बसली असेल तेथें असतात. ते पाहण्यासाठीं रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी जी रीत होती ती आजही उपयोगी पडते. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल चोळावें, थोड्या वेळानें कोरडें पुसून घ्यावें आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. तडा असेल तर आंत शिरलेलें रॉकेल पुडींत पाझरून ओली रेघ उमटते. आतां ह्याच कामासाठीं रंगीत द्रवें मिळतात आणि तीं अधिक सूक्ष्म तडे दाखवितात. कोणी तडा वितळजोड करून बुजविलेला असेल तर तें चाक भिंतीवर टांगावें. गाडीला लावूं नये.

असो. आतां नांव. नांवाचा शोध चाकाच्या तोंडावर करण्यांत अर्थ नाहीं, कारण तोंडें सर्वांनीं एकमेकांचीं उचललीं. मागची बाजू मात्र कोणी नक्कल करण्याच्या भरीस पडत नसे. तेथें ओतकाराचा हात दिसतो. खिडक्यांमागें धातूच्या शिरा आहेत काय व किती, भोकांभोवतीं उंचवटा वेगवेगळा आहे कीं एकच सलग कडें आहे, मधली टोपी मागून ढकलून बसते कीं पुढून स्क्रूनें, पृष्ठ वाळूच्या साच्यांतल्यासारखें खरखरीत आहे कीं धातूच्या साच्यांतल्यासारखें गुळगुळीत, हें सारें टिपून घ्यावें आणि ज्याच्यावर नांव स्पष्ट आहे अशा चाकाशीं ताडून पाहावें. झिजलेली शिवराई ओळखणारा जसा अक्षरांच्या उरलेल्या टोंकांवरून सबंध लेख जुळवतो, तशी ही जुळणी आहे. मात्र एक खूण जुळली म्हणून नांव देऊं नये. तीनचार स्वतंत्र खुणा जुळल्या तर मोठ्या संभवानें द्यावें. सुटा आंकडा सांपडल्यास त्याला एकदम सन समजूं नये. तो बहुधा साच्याचा क्रमांक असतो. 'सेमा' हीं अक्षरें आढळलीं तर तें चाक १९६३ पूर्वीचें नव्हे एवढें नक्की, कारण वेगाचें साहित्य करणाऱ्या कारखानदारांची ती संघटना त्या सालीं निघाली. जे. डब्ल्यू. एल. हीं अक्षरें जपानी प्रमाणाचीं आहेत. तीं असलेलें चाक १९६० च्या सुमाराचें म्हणून कोणी विकूं लागल्यास तेथून निघावें. त्याच आकाराचीं चाकें अलीकडे नव्यानेंही ओतलीं जातात, पण त्यांच्या पाठीवर माप व भार बहुधा स्पष्ट घातलेला असतो.

ह्यासाठींच चाक मिळाल्याबरोबर त्याला चकाकी आणण्याची घाई करूं नये. हौशी माणसाला ती घाई फार. मागच्या बाजूची चाळीस वर्षांची काजळी काढतांना उथळ उठावाचीं अक्षरें आणि रंगानें लिहिलेले दुकानदाराचे आंकडेही निघून जातात. ओल्या फडक्यानें व साबणानें धुवावें, तिरप्या उजेडांत पाहावें, कागद ठेवून पेन्सिल घांसावी. कॉस्टिक सोडा तर जवळही आणूं नये. तो ॲल्युमिनियमलाच खातो.

चार चाकांचा संच म्हणून जें विकलें जातें, त्यांत तीन एका घरचीं आणि चवथें परकें असें वरचेवर निघतें. तोंडानें चौघें भावंडें, पाठीनें नाहींत; चवथ्याची मागची खोली पाव इंच कमी असते किंवा शिरा एकानें जास्त. मागचीं दोन चाकें पुढच्यांपेक्षां मुद्दाम रुंद घेण्याचीही रीत आहे, तेव्हां दोन जोड्या निराळ्या असणें हा दोष नव्हे. एकाच आंसावर दोन निराळीं असणें हा दोष. असें परकें चाक कोणी टाकून देत नाहीं. जाणता दुकानदार तें वेगळें ठेवतो, मागच्या बाजूस खडूनें लिहितो: पांच खिडक्या, १५ बाय ७, वर्तुळ ४¾, खोली ४, सरळ भोक, तडा नाहीं, कर्ता अज्ञात, आणि त्याचा जोडीदार येण्याची वाट पाहतो.